धूर धरून

मुलाणी सरांनी फळ्यावर बाण काढला
आणि खडू त्याच्या टोकाशी तसाच टेकवून ठेवला.
अलीकडं जे आहे तेच पलीकडं, म्हणाले,
फक्त वेगळ्या घरांत राहायला गेलेलं.
या रेघेवर कुणी मरत नाही,
कुणी नव्यानं जन्मत नाही.
हजेरी घ्या दोन्हीकडं.

लेंगऱ्याची शाळा, नववी ब,
निम्म्या वर्गाचे बाप गलाईवर.
कुणाचा सेलमला, कुणाचा कटकला,
माझे आण्णा कोइमतूरला, जिन्याखालच्या खोलीत.
हजेरी म्हटलं की आमच्यात
आधी नसलेले मोजतात.

मी पहिल्याच दिवशी चुकले.
हायड्रोजन जळाला, पाणी झालं,
एक ऑक्सिजन उरला.
तो मी पाण्याच्याच पायाशी बसवून टाकला,
बारीक दोन काढून.
सर हसले नाहीत.
हे पाणी नव्हे, शालन,
हे जखम धुवायचं औषध झालं,
प्यायलीस तर घसा सोलून निघेल.
पायातला आकडा म्हणजे त्या वस्तूचा पिंड,
त्याला हात लावायचा नाही.
वाढवायचं तर पुढं उभं राहून वाढव.
पाणी दोन कर,
मग मागं फिर, हायड्रोजनही दोन कर.
आणि पेन्सिलनं लिही गं,
पहिल्या फटक्यात कुणाचंच जुळत नाही.

चैतात जत्रेला आण्णा आले.
बोटांची टोकं काळी,
साबणानं न जाणारी, राखेनं न जाणारी.
मी वही घेऊन शेजारी बसले.
चांदी कशी गाळता, सांगा.

काय सांगायचं त्यात, म्हणाले.
तेजाबात टाकायची. उकळी फुटती.
चांदी पार नाहीशी, पाण्यावाणी.
मग तांब्याची पट्टी सोडायची,
की बसती परत तळाला, कापसासारखी.

नाहीशी नसते होत, मी म्हटलं,
आणि मागच्या पानावर मांडलं:

Ag + HNO₃ → AgNO₃ + H₂O

चांदीला चांदी मिळाली.
हायड्रोजन अडला, इकडं एक, तिकडं दोन.
तेजाब दुप्पट केलं. हायड्रोजन बसला,
तर आता नायट्रोजन एक जादा,
ऑक्सिजन दोन जादा,
बाणाच्या अलीकडं, ताटकळत.
खोडलं. पुन्हा मांडलं.
पुन्हा तेच तिघं उरले.

आण्णा, आणखी काय निघतं त्यातनं?
काय निघणार, चांदीच की.
चांदी सोडून?
आण्णांनी विडीची राख झटकली.
धूर निघतो. विटकरी.
त्यो कोण धरतंय हिशेबात?
शेठ चांदी तोलतो, तांबं तोलतो,
फडक्याला पुसलेलं सुद्धा जाळून तोलतो.
धुराचं काय तोलायचं.

मी त्या तिघांना एकत्र बांधलं
आणि पाण्याच्या आधी, मोकळ्या जागेत बसवलं:

Ag + 2HNO₃ → AgNO₃ + NO₂ + H₂O

सातवी शिकलेले आण्णा
काळं बोट एकेका अक्षरावर ठेवत गेले.
आकडे तेवढे वाचले.
ऑक्सिजन इकडं तीन दुणे सहा.
तिकडं तीन नि दोन पाच,
नि एक, सहा.
जुळलं की.

मग बोट मागं आलं, धुरावर थांबलं.
म्हंजे हे बी धरायचं?
नाही धरलं तर जुळत नाही, आण्णा.

काही बोलले नाहीत.
रात्री पडवीत उबळ आली
तेव्हा आईनं उठून पाणी दिलं,
तेवढंच, नेहमीसारखं.

जायच्या दिवशी म्हणाले, ते पान फाडून दे.
शेठला दाखवतो.
धुराडं वर, गच्चीपतोर न्यायला काय पडतंय त्याला.
दाखवलं का, ते मला कधी कळलं नाही.

विट्याच्या स्टँडवर त्यांनी कागद दुमडला,
तिकिटामागं, खिशात सरकवला.
घडी बाणावर नाही पडली,
जरा पलीकडं पडली.
एका अंगाला चांदी, तेजाब, चांदीचं मीठ.
दुसऱ्या अंगाला, छातीकडं,
धूर आणि पाणी.